पस्तीस कुणी सांगितलं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की तुमच्यासकट सगळ्याच पेपरांत 'टायर फुटून अपघात' या बातम्या सुरू होतात, आणि समृद्धी महामार्गावर काही झालं की लगेच काँक्रीटच्या नावानं बोंब. काँक्रीट, ऊन, 120 चा स्पीड हे सगळं आहेच, नाही कोण म्हणतंय. पण त्या टायरात हवा किती होती हे बातमीत कधी वाचलेलं आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच वेळा गाडीवाल्यालाही ते माहिती नसतं.

पंपावर गेलो की पोरगा विचारतो "किती मारू?", आपण उलट त्यालाच विचारतो "किती मारतात यात?", तो म्हणतो "पस्तीस मारतो", की झालं, विषय संपला. छोटी हॅचबॅक असो नाहीतर सात सीटर, चारी चाकांत पस्तीस. अहो पण हे पस्तीस सांगितलं कुणी? खरा आकडा कंपनीनं गाडीवरच चिकटवून दिलेला असतो. ड्रायव्हरचं दार उघडा, दार जिथे लॉक होतं त्या खांबावर छोटा स्टिकर दिसेल, काही गाड्यांना तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो, नाहीच सापडला तर मॅन्युअल आहे (डिकीत नाहीतर डॅशबोर्डच्या कप्प्यात पिशवीसकट पडलेलं असतं ते, फोडा एकदा). टू व्हीलरला चेनकव्हरवर किंवा मागच्या चाकाजवळ बघा. स्टिकरवर पुढचं मागचं वेगळं लिहिलेलं असू शकतं आणि गाडी भरलेली असेल तर अजून वेगळं, म्हणजे सहा जण आणि लग्नाच्या बॅगा घालून निघणार असाल तर मागच्या चाकांचा आकडा पुन्हा वाचायचा. कुठे कुठे केपीए किंवा बार असं लिहिलेलं असतं, त्याला घाबरायचं कारण नाही, 220 केपीए म्हणजे 2.2 बार म्हणजे साधारण 32 पीएसआय, पंपावरचं ते पस्तीसही पीएसआयच.

आता हुशार मंडळी टायरच्या बाजूवरचा आकडा वाचतात, 44 किंवा 51 पीएसआय असं काहीतरी, आणि म्हणतात बघा कंपनीच सांगतेय. ती टायर कंपनीची कमाल मर्यादा आहे, याच्या वर जाऊ नका एवढाच त्याचा अर्थ. तोच टायर दोन वेगळ्या वजनाच्या गाड्यांना बसतो, मग त्याला तुमच्या गाडीचा आकडा कसा माहिती असणार? तेवढी हवा भरली तर गाडी खड्ड्यात दणादण आपटते, टायर मधोमध घासतो आणि पकड कमी होते.

सगळ्यात डेंजर गैरसमज उन्हाळ्याचा. 'ऊन आहे, हवा दोन-चार पॉइंट कमी ठेवा, गरम होऊन वाढते' हे शहाणपण पंक्चरवाल्यापासून घरातल्या काकांपर्यंत सगळे देतात. वाढते हे खरंय, तापमान 5-6 डिग्री वाढलं की साधारण 1 पीएसआय वाढतो. पण कंपनीनं ते धरूनच आकडा दिलाय. कमी हवेचा टायर प्रत्येक चक्कराला बाजूनं जास्त दबतो, दबून दबून आतून तापतो, आणि तासाला शंभरच्या पुढे दोन तास असंच चाललं की त्याच्या बाजूचे थर सुटायला लागतात. म्हणजे फुटू नये म्हणून हवा कमी करायची आणि त्याच कमी हवेनं टायर फोडायचा! मध्यंतरी समृद्धीवर आरटीओवाल्यांनी घासलेले टायर बघून गाड्या परत पाठवायला सुरुवात केली होती, चांगलंच आहे ते, पण नक्षी बघता तशी हवाही गेज (हवेचा दाब मोजायचं यंत्र) लावून बघा ना.

अजून एक गोष्ट, स्टिकरचा आकडा हा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेली. आता पंप घरापासून आठ किलोमीटर असेल तर काय करायचं? सोपं आहे. काही शे रुपयांचं गेज घ्या, सकाळी घरीच मोजा. समजा पाहिजे 33 आणि निघाली 29, म्हणजे 4 कमी. पंपावर पोचल्यावर तोच टायर गरम होऊन 31 दाखवेल, तर तिथे 35 करून घ्या, कमी होते तेवढे चार वाढवायचे बस. आणि लांबच्या प्रवासात मध्येच गरम टायर 37 दाखवतोय म्हणून हवा सोडायची नाही, थंड झाल्यावर तो कमी भरेल.

नायट्रोजनबद्दल पण लोक विचारतात. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. भरायचा तर भरा, तोटा काही नाही, पण नायट्रोजनची खूण म्हणून व्हॉल्व्हला हिरवी टोपी लावली म्हणून महिनोनमहिने तपासायचं नाही असं होत नाही. आणि नायट्रोजनवर साधी हवा मारली तरी टायरला काही होत नाही. डॅशबोर्डवर टायरचा दिवा असलेल्यांनीही त्याच्या भरवशावर राहू नये, बऱ्याच गाड्यांत तो चांगली हवा उतरल्यावरच लागतो.

पंपवाल्यांना माझी एकच विनंती आहे, हवेच्या मशीनवर मोठ्या अक्षरात 'दाराजवळचा स्टिकर बघून आकडा सांगा' एवढी पाटी लावा, आणि पोरांना "किती मारू?" ऐवजी "स्टिकरवर किती आहे?" असं विचारायला शिकवा. दमडीचा खर्च नाही.

आणि हो, स्टेपनी! चार चाकं भरून झाली की पाचवं कुणालाच आठवत नाही. काही नवीन गाड्यांत बारीक स्टेपनी येते, तिच्यात तब्बल 60 पीएसआय लागते आणि तिच्यावर 80 च्या पुढे पळवायचं नसतं, दोन्ही गोष्टी तिच्यावरच लिहिलेल्या असतात. पोरगं तिच्यात पण पस्तीसच मारणार, तेव्हा स्वतः उभं राहून सांगा. पंपावर हवा फुकट द्यायची असते, मशीन बंद आहे किंवा पैसे पडतील असं कुणी म्हणालं तर तक्रार वही मागा आणि तिच्यात तारीख टाकून लिहा.

आपला,
एक वाचक, जालना