घरोघरी सेवा देणाऱ्या नर्सची जबाबदारी कोणाची?

मा. संपादक,

सरकारी इस्पितळातून निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे तरुण नर्स एकच प्रश्न घेऊन येतात: ‘सिस्टर, नोकरी सोडून स्वतःच घरोघरी काम केले तर?’ गोव्यात कामाला तोटा नाही. मुले आखातात किंवा लंडनला आणि वाड्यात म्हातारी माणसे, अशी घरे प्रत्येक गावात आहेत. कॅथेटर (लघवीची नळी) बदलणे, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), बेडसोरचे (पडून राहून झालेल्या जखमांचे) ड्रेसिंग, इन्सुलिन यासाठी त्यांना प्रशिक्षित हात हवेच आहेत. मुलींनी जरूर जावे.

पण वॉर्डात आपल्या पाठीशी ड्युटीवरचा डॉक्टर असतो, क्रॅश ट्रॉली (तातडीच्या औषधांची गाडी) असते, मेट्रन (मुख्य परिचारिका) असते. पेशंटच्या घरात यातले काहीच नसते. म्हणून मी प्रत्येकीला आधी विचारते, तुझे गोवा नर्सिंग कौन्सिलचे रजिस्ट्रेशन चालू आहे ना? नोकरीत असताना याची आठवण ऑफिस करून देते, स्वतंत्र झाल्यावर कोणी देत नाही. 2023च्या राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोग कायद्यानेही नोंदणीशिवाय हा व्यवसाय करायला मनाई केली आहे. तरीही घरी नर्स पुरवणारे काही ब्युरो जेमतेम शिकवलेल्या अटेंडंटला पांढरा कोट घालून ‘नर्स’ म्हणून पाठवतात. याची मला चीड येते. घरच्यांनी रजिस्ट्रेशन क्रमांक मागावा, त्यात संकोच कसला?

दुसरी गोष्ट औषधांची. परदेशातून मुलाचा व्हॉट्सॲप मेसेज येतो, ‘मागचेच अँटिबायोटिक परत द्या.’ तो डॉक्टरचा आदेश नव्हे. डॉक्टरने लिहून सही केलेले, तारीख आणि मात्रा असलेले कागद हाती आल्याशिवाय सुई उचलू नये. शिरेतून द्यायच्या अँटिबायोटिकचा पहिला डोस तर घरी मुळीच देऊ नये. रिअॅक्शन आली, घसा सुजून श्वास कोंडला, तर हाताशी काही मिनिटेच असतात. सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावात 108 रुग्णवाहिका पोहोचायला किती वेळ लागतो हे तिथल्या माणसांना विचारा. दिलेले प्रत्येक औषध, वेळ, बीपी लिहून एक प्रत घरी ठेवावी आणि एक स्वतःकडे. उद्या तक्रार झाली तर तेवढाच पुरावा असतो. व्यावसायिक विमाही काढून ठेवावा, कारण नुकसानभरपाईचा दावा आता थेट नर्सवरच येणार.

आणि वापरलेल्या सुया! 2016च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे त्या टोचणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात जायला हव्यात. प्रत्यक्षात त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात जातात आणि पंचायतीच्या कामगाराच्या बोटाला लागतात. हिपॅटायटिस बी असाच पसरतो. एकट्या नर्सने तो डबा नेऊन द्यायचा कुठे? आरोग्य खात्याने प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असे डबे स्वीकारण्याची सोय करावी, आणि स्वतंत्र काम करणाऱ्या नर्सने काय करावे, काय करू नये, याचे एक पत्रक कौन्सिलने मराठी-कोकणीत काढावे, ही माझी विनंती आहे.

– एक निवृत्त परिचारिका, फोंडा