किपमध्ये दंडाची ओढ नव्हे, वेळ महत्त्वाची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलींच्या जिम्नॅस्टिक्सवर छापून येते ते बहुतेक पदकांविषयी. अनइव्हन बारवर, म्हणजे कमी-जास्त उंचीच्या दोन आडव्या दांड्यांवर, मुली नेमक्या कुठे अडतात आणि का, यावर फारसे कुणी लिहीत नाही. शिकणाऱ्या मुलींच्या पालकांसाठी आणि नव्या प्रशिक्षकांसाठी हे पत्र.

बहुतेकींचे गाडे अडते ते किपवर. खालच्या बारला धरून पावले जमिनीलगत ठेवत पुढे झोका, म्हणजे ग्लाइड, घ्यायचा आणि परतीच्या झोक्यात सरळ हातांनी बारवर आधारात यायचे, एवढीच ही क्रिया. ती जमली नाही की ‘दंडात ताकद नाही’ असे म्हणून पुल-अप्स वाढवले जातात. हे निदान बहुधा चुकीचे असते. पुल-अपमध्ये कोपर वाकतो. किपमध्ये तो वाकला की खांदे बारच्या मागेच अडकतात, एक कोपर आधी वर येतो आणि दुसरा खाली राहतो. इथे हवी ती सरळ हातांनी बार खाली दाबण्याची ताकद, म्हणजे पाठीच्या रुंद स्नायूंची आणि पोटाची. आणि त्याहून जास्त हवी ती अचूक वेळ.

ग्लाइड सुरू करताना कंबर मागे, पावले मॅटपासून जेमतेम चार बोटे वर. पुढच्या टोकाला कान दंडांच्या मध्ये आणि शरीर पूर्ण लांब. ते लांब झाल्यावरच घोटे बारकडे न्यायचे. मुली इथेच घाई करतात: शरीर उलगडण्याआधी पाय ओढतात आणि झोका तिथेच मरतो. पाय उशिरा आले तर परतीचा झोका अर्धा संपलेला असतो आणि बार मांड्यांपर्यंत पोचत नाही. घोटे वेळेवर आले की पँट वर चढवावी तसा बार नडग्यांवरून, गुडघ्यांवरून कमरेपर्यंत सरकवायचा आणि शेवटी मनगटे बारच्या वर फिरवायची. मनगटे खालीच राहिली तर बार दाबायला आधार उरत नाही. बघणाऱ्याला वाटते थोडक्यात हुकले. मग आणखी जोर लावायला सांगतात, आणि चूक पक्की होते.

याचा सराव बारवर नव्हे, जमिनीवर सुरू व्हावा. पाठीवर झोपून हातात काठी घ्यावी, पाय वर आणावेत आणि पाय खाली येताना काठी घोट्यांपासून कमरेपर्यंत पायांना लागून सरकवावी. नंतर डोक्यामागे पक्क्या आधाराला रबरी बँड बांधून तो सरळ हातांनी मांड्यांपर्यंत दाबावा, 10 वेळा, असे 3 संच. बारला लटकून झोका न घेता सरळ पायांनी पंजे बारला लावणे सलग 5 वेळा जमत नसेल, तर पूर्ण किपचा हट्ट धरू नये. नुसता ग्लाइड पुढे-मागे करून घेणे कंटाळवाणे वाटते, पण अर्धे दोष तिथेच जातात. आधार देताना प्रशिक्षकाचा एक हात मांडीखाली, दुसरा कमरेखाली असावा, आणि उचलायचे ते परतीच्या झोक्यातच. आधी उचलले तर मुलीला स्वतःची वेळ कधी कळतच नाही. चार-पाच प्रयत्नांनंतर विश्रांती हवी, कारण थकलेले हात वाकतातच.

किपनंतर कास्ट. त्यात खांदे बारच्या पुढे झुकवून बार दाबायचा आणि छाती किंचित आत घेऊन पाय मागून वर न्यायचे. खांदे मागे राहिले तर पाठीत कमान पडते आणि परत येताना कंबरेची हाडे बारवर आदळतात. मुली कास्टला भितात ती बहुतेक याच आदळण्याला. जमिनीवर खांदे मनगटांच्या पुढे नेऊन 20 सेकंद टिकणे आणि पावलांखाली सरकता फडका ठेवून कंबर वर ओढणे, हे दोन व्यायाम पुरेसे आहेत. स्पर्धेत कास्टमधून जाणारा हँडस्टँड (हातांवर उलटे उभे राहणे) उभ्या रेषेच्या 10 अंशांच्या आत हवा. तो रोजच्या सरावातच तसा मोजावा.

जायंटची, म्हणजे शरीर लांब ठेवून बारभोवती घ्यायच्या पूर्ण फेरीची, घाई मात्र खरोखर धोक्याची. झोक्याच्या तळाशी हातांवर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त ताण येतो. आधी लहान टॅप स्विंग: तळाच्या थोडे आधी शरीर किंचित ताणलेले, तळ ओलांडताच पायांचा झटका पुढे. झटका आधी मारला तर उंची मिळत नाही. मागच्या झोक्याच्या टोकाला पकड नव्याने घ्यायची सवय इथेच लागली पाहिजे. ती नसेल तर बोटे उलगडतात आणि मुलगी तोंडावर पडते. पूर्ण फेरी प्रथम स्ट्रॅप बारवरच, म्हणजे मनगटे पट्ट्यांनी बारला अडकवून, करावी. त्याचा पाइप गुळगुळीत हवा, त्यावर हातांना लावायची मॅग्नेशियम कार्बोनेटची पावडर नको. पट्टा पाइपभोवती अडकला तर मनगट पिरगळते, म्हणून मुलीला चढवण्याआधी पट्टा प्रशिक्षकाने स्वतः हाताने फिरवून पाहावा.

चामडी ग्रिपबद्दलही, म्हणजे तळव्यावर घालायच्या पट्टीबद्दलही, सांगायला हवे. मुलींच्या बारची जाडी 4 सेंमी असते, मुलांच्या हाय बारची 2.8 सेंमी. एकाची ग्रिप दुसऱ्याला चालत नाही. ताणून सैल झालेली ग्रिप दुमडून बारवर अडकू शकते आणि हात तिथेच राहून शरीर फिरले तर कोपर आणि मनगट यांमधले हाड मोडू शकते. बोटांच्या भोकांपाशी चीर दिसली की ग्रिप बदलावी, ‘ही स्पर्धा होऊ दे’ म्हणून थांबू नये. तळव्यावरचे घट्टे आंघोळीनंतर हलके घासून सपाट ठेवावेत. तळवा फाटलेला असेल त्या दिवशी बार बंद, जमिनीवरचा काठीचा आणि बँडचा सराव चालू.

आपली,
एक जिम्नॅस्टिक्स प्रशिक्षिका