गेटपासवरचे नाव

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस की तू २०१७ साली रुजू झालीस तेव्हाची कंपनी आता राहिली नाही. रात्री उशिरा घरी सोडणारी गाडी बंद झाली, उरलेली रजा पुढच्या वर्षात नेता येत नाही आणि आमच्या दोघांच्या विम्याचा हप्ता आता तुझ्या पगारातून कापला जातो. "बाबा, तुमच्या वेळी बरे होते," असे म्हणून तू फोन ठेवलास. तेव्हापासून तो विषय मनातून जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बरे होते, हे खरे आहे. सकाळी सव्वासहाला त्रिमूर्ती चौकात कंपनीची बस यायची आणि सातच्या पाळीला आम्हाला सातपूरला पोहोचवायची. पतपेढीच्या कर्जातून सिडकोतल्या घरावर वरची खोली चढली आणि तुझी अभियांत्रिकीची फी भरली गेली. तुझ्या आईच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी आमच्या खात्याचे साहेब न सांगता दवाखान्यात आले आणि संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ बाकावर बसून राहिले. हा माणूस उद्याही आपल्याकडेच असणार आहे, असे मनात धरून ती कंपनी वागत होती, आणि मला सर्वांत जास्त आठवते ते हेच.

मात्र बाकीच्या सोयींना कंपनीचे औदार्य समजू नकोस. अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कँटीन हवे, तीसहून अधिक स्त्रिया असतील तर पाळणाघर हवे, हे तेव्हाच्या कारखाने अधिनियमातले, किमान ८.३३ टक्के बोनस १९६५ च्या कायद्याने आणि नोकरी सोडताना एकरकमी मिळणारी ग्रॅच्युइटी १९७२ च्या कायद्याने आली. त्याहून अधिक जे मिळाले ते वेतन करारांतून, आणि प्रत्येक करारासाठी युनियनला महिनोन्महिने बोलणी करावी लागली, आम्हाला पाळी सुटल्यावर गेटसभेला उभे राहावे लागले. तुम्ही मुले पगाराचे बोलणे एकेकट्याने, बंद खोलीत करता, त्यामुळे गाडी बंद झाल्याचा आदेश ई-मेलने आला तेव्हा विचारायला कोणी नव्हते.

तू पाठवलेले दुसऱ्या कंपनीचे नेमणूकपत्र मी दोनदा वाचले. वार्षिक पॅकेजच्या आकड्यात भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा हिस्सा धरला आहे आणि ग्रॅच्युइटीपोटी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के धरले आहेत. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे सव्वीस दिवस धरून, हाच तो हिशेब. आमच्या काळी हे पैसे पगाराबाहेरचे होते, कोणी ते पगार म्हणून सांगत नसे. आणि पाच वर्षे भरण्याआधी तू नोकरी सोडलीस तर ग्रॅच्युइटीची रक्कम कागदावरच राहते. म्हणून दोन्हीकडची तुलना करताना हातात पडणारा पगार तेवढा मोज.

आता जे तुला कधी सांगितले नाही ते सांगतो. माझ्या शेजारच्या मशीनवर त्र्यंबककडचा एक मुलगा कंत्राटावर होता. अकरा वर्षे त्याने तेच मशीन चालवले, माझ्याइतकेच उत्पादन काढले, पण दर दीड-दोन वर्षांनी त्याच्या गेटपासवरचे ठेकेदाराचे नाव बदलायचे, त्यामुळे कोणत्याही एका मालकाकडे त्याची पाच वर्षे कधी भरलीच नाहीत. तो काम सोडून गेला तेव्हा ग्रॅच्युइटीचा एक रुपयाही त्याला मिळाला नाही. बसमध्ये कायम कामगार आधी बसत, जागा उरली तर तो बसे, नाहीतर पपया नर्सरीपर्यंत चालत जाऊन तिथून रिक्षा धरे. एका करारात आमची वाढ चांगली झाली आणि त्याच करारात नवीन कायम भरती थांबवण्याचे कलम होते. मीही हात वर करून त्याला संमती दिली. घराचे हप्ते चालू होते आणि ते कलम आपल्यासाठी नाही, असे मी स्वतःला समजावले. तुझ्या पिढीला जी नोकरी मिळाली तिची सुरुवात अशा हात वर करण्यातून झाली, असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे दुःख आहे.

तुझ्या टीममधल्या ज्या दोन मुली बाहेरच्या कंपनीच्या पगारपत्रकावर आहेत, आणि वार्षिक समारंभाला ज्यांना बोलावणे नसते असे तू मागे सांगितलेस, त्यांची मला त्या मुलावरून आठवण झाली. मार्चमध्ये त्यांचा करार पुन्हा होणार असेल तर त्यांना तुमच्याच आस्थापनेवर घ्यावे, असे तुझ्या वरिष्ठांना लेखी लिही. ते नाही म्हणाले, तर निदान त्यांचा विमा कोण भरतो आणि भविष्यनिर्वाह निधी दरमहा जमा होतो का, हे त्यांना स्वतःच्या खात्यात पाहायला शिकव. दुसरीकडे जाण्याचा निर्णय तुझा. पण गेलीस तरी जाण्याआधी एवढे करून जा.

दिवाळीला येशील तेव्हा त्या दोघींचे काय झाले ते मला सांग.

तुझे,
बाबा
नाशिक