फुकट नव्हे, आगाऊ भरलेले

लीड्स (इंग्लंड), १४ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप आई आणि बाबा यांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारले, "तिकडे औषधपाणी सगळे फुकटच असते ना, मग आम्हाला विमा कशाला?" आणि मी घाईत "तसे नसते हो" एवढेच म्हणून विषय सोडला. तुम्ही मे महिन्यात येण्याआधी हे नीट सांगायला हवे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

इथल्या सरकारी आरोग्यसेवेला सगळे एनएचएस म्हणतात. ती ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली आणि तिची उभारणी करणारे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन हे वेल्समधील ट्रेडेगर गावच्या खाणकामगाराचे चिरंजीव होते. त्या गावात कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढत आणि त्या पैशांतून साऱ्यांच्या घरच्या आजारपणाची सोय होत असे. बाबा, तुमच्या डेपोतल्या लोकांनी एखाद्याच्या ऑपरेशनसाठी वर्गणी जमवलेली मी लहानपणी पाहिली आहे. फरक एवढाच, की इथे आजार येण्याआधीच पैसे जमा होतात आणि कोणासमोर हात पसरावा लागत नाही. आता ही वर्गणी मुख्यतः करांतून येते.

आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना तर ती दोनदा द्यावी लागते. पगारातून कर कापला जातो तो वेगळाच. शिवाय व्हिसाच्या अर्जासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो. २०२४च्या फेब्रुवारीपासून तो प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड आणि अठरा वर्षांखालील मुलांना ७७६ पौंड आहे. आम्हा दोघांचे आणि चिरंजीवांचे तीन वर्षांचे मिळून ८,५३८ पौंड आम्ही विमानात बसण्याआधीच, एकरकमी भरले. तेव्हा तुम्हाला आकडा सांगितला नाही, कारण आईने रुपयांत हिशेब केला असता.

त्या बदल्यात डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात उपचार घेताना खिशात हात घालावा लागत नाही. मात्र आपल्याकडे कान दुखला की थेट कानाच्या डॉक्टरांच्या दारात जाऊन बसता येते, तसे इथे चालत नाही. प्रत्येकाने घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे आपल्या कुटुंबाच्या डॉक्टरांसारख्या डॉक्टरांकडे, नाव नोंदवायचे आणि त्यांनी चिठ्ठी दिली तरच पुढच्या तज्ज्ञाकडे जायचे. त्यांच्या दवाखान्याला इथे 'सर्जरी' म्हणतात. पहिल्यांदा मी तुम्हाला "सर्जरीत जाऊन आले" असे सांगितले, तेव्हा आईने देव पाण्यात ठेवले होते, ते आठवते ना?

नोव्हेंबरमध्ये चिरंजीवांचा कान रात्रभर ठणकत होता. सकाळी आठच्या ठोक्याला दवाखान्याला फोन लावला, तर रांगेत माझ्यापुढे वीस जण. माझी पाळी आल्यावर पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितले, की एवढ्यासाठी डॉक्टर लागणार नाहीत, औषधांच्या दुकानात जा. मला संताप आला. पोराला टोलवत आहेत असेच वाटले. पण २०२४पासून इंग्लंडमध्ये घसादुखी आणि मुलांचा कान यांसह सात साध्या दुखण्यांवर फार्मासिस्टच तपासून औषध देऊ शकतो, हे मला ठाऊक नव्हते. त्याने कानात दिवा घालून पाहिले, औषध दिले आणि मुलांना औषध मोफत असल्याने पैसेही घेतले नाहीत.

ह्यांच्या गुडघ्याची कथा मात्र वेगळी आहे. शंभरातल्या ब्याण्णव रुग्णांचे नियोजित उपचार अठरा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत असे सरकारचे उद्दिष्ट असले, तरी देशभरात ते कित्येक वर्षे गाठलेले नाही, आणि हेही सात महिन्यांपासून वाट पाहत आहेत. जीवावरचे दुखणे आधी आणि नुसते त्रासाचे दुखणे नंतर, असा इथला क्रम आहे. तो मला पटतो, पण रात्री ते कण्हू लागले की पटत नाही.

आता तुमचे. तुम्ही पाहुण्यांच्या व्हिसावर येणार, म्हणून अधिभार भरणार नाही आणि या वर्गणीत तुमचा वाटाही असणार नाही. तातडीच्या विभागात तपासतील त्याचे पैसे पडत नाहीत, परंतु तिथून रुग्णालयात दाखल केले की पाहुण्यांकडून खर्चाच्या दीडपट आकारणी होते. पाचशे पौंड किंवा त्याहून अधिक बिल थकले, तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. विमा हवा तो यासाठी.

बाबा, विम्याचा अर्ज भरताना रक्तदाब लपवू नका. "गोळी घेतो म्हणजे तो नाहीच" हा तुमचा युक्तिवाद विमा कंपनी मानणार नाही. कवळीही तिकडेच दुरुस्त करून घ्या. दात आणि चष्मा यांसाठी पैसे घ्यायचे ठरले, म्हणून स्वतः बेव्हन यांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, पण दाताचे पैसे अजून द्यावेच लागतात. आई, तुझ्या साखरेच्या गोळ्या मुक्कामापेक्षा पंधरा दिवस अधिकच्या घे, मूळ वेष्टनातच ठेव आणि डॉक्टरकाकांकडून इंग्रजीत टाइप केलेली चिठ्ठी घे. त्यांचे अक्षर साताऱ्यातही फक्त एकाच दुकानदाराला लागते.

विम्याचे कागद आले की त्यांचा फोटो मला पाठवा.

तुमची,
ताई