व्हॉलंटियर व्हायच्या आधी हे वाच

प्रिय गजा,

परवा फोनवर तू म्हणालास की तुह्या पलटणीतून पॅरा एसएफसाठी, म्हणजे आर्मीच्या पॅराशूटवाल्या कमांडो फौजेसाठी, व्हॉलंटियर व्हायचं मनात आहे, अन् मी नुसता "हो का" करून राहिलो. मले काही बोलताच नाही आलं गड्या. म्हणून हे लिहून राहिलो.

सध्या हरभऱ्याचं ओलीत चालू आहे, लाईन रातचीच, अकराला वावरात जातो ते पहाटेच घरी. काल दांड फोडून पाण्यात उभा होतो, पाय असे बधिर झाले की फावड्याचं पातं घासलं तेही समजलं नाही, घरी येऊन रक्त पाहिलं. तवा मले पाकव्याप्त काश्मीरमधलं मंढोल आठवलं. १९७१, डिसेंबरची १३-१४ ची रात. ९ पॅरा कमांडोचे जवान पूंछ नदी ओलांडून शत्रूच्या पाठीमागे गेले अन् त्याच्या ६ तोफा निकामी करून आले. काही जण आलेच नाहीत. तिथली थंडी अन् आपल्या वावरातली थंडी, काही बरोबरी आहे का सांग.

ही फौज उभी कशी झाली तेच मले सगळ्यात जास्त आवडते. १९६५ च्या लढाईत मेजर मेघ सिंग होते, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे, म्हणजे ज्याचं सेंटर आता आपल्या कामठीले आहे ते. त्यांनी वेगवेगळ्या पलटणीतले स्वखुशीने येणारे जवान जमवले, वेस्टर्न कमांडच्या लेफ्टनंट जनरल हरबक्श सिंग यांनी पाठबळ दिलं, अन् शत्रूच्या हद्दीत घुसून छापे टाकले. नाव मेघदूत फोर्स. आपल्याले तर मेघदूत म्हटलं की रामटेकच आठवते. ते काम पाहूनच १ जुलै १९६६ ले ग्वाल्हेरले ९ पॅरा कमांडो उभी झाली, मग तिच्यातूनच १० वी निघाली, वाळवंटासाठी. त्याच १० वीने ७१ मध्ये जयपूरच्या लेफ्टनंट कर्नल भवानी सिंगांसोबत जीपा घेऊन सिंधमधल्या छाछरोपर्यंत धडक मारली, त्यांना महावीर चक्र भेटलं.

इथले भरतीवाले पोट्टे पहाटे कॅनॉलच्या रोडनं धावतात अन् त्यांले वाटते कमांडो म्हणजे नुसती गोळीबारी. मी सांगतो, बाप्पा, अर्धं काम तर दिवसदिवस एका जागी पडून पाहत राहायचं आहे, शत्रू कुठून येते, तोफा कुठं आहेत, दारूगोळा कुठं ठेवते. तुह्यात तो धीर आहे. रानडुकरांसाठी जागलीले तूच रातभर आवाज न करता बसायचा, आम्ही झोपून जायचो.

पण भीती वाटते हेही खरं. २१ मराठा लाइट इन्फंट्रीची १९९६ मध्ये २१ पॅरा एसएफ झाली, वाघनखं म्हणतात तिले, कर्नल संतोष महाडिक तिथलेच. साताऱ्याचा माणूस, २०१५ ले कुपवाड्यात शहीद झाले. अन् त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये स्वतः आर्मीत ऑफिसर झाल्या. तुह्या घरी कोणाले हे सांगायची माही हिंमत नाही.

तरी तू जा. प्रोबेशनमधून, म्हणजे निवडीच्या पारखीतून, किती तरी जण आपल्या जुन्या युनिटले परत जातात, त्यात लाज कायची? तुले परत पाठवलं तर सगळ्यात पहिला फोन मले कर. अन् काकूले माह्याकडून कळायच्या आधी तूच सांग, ती काल कापसाच्या वेच्यात मले विचारत होती, गजा सुट्टीवर कधी येते म्हणून. मी मान खाली घालून बोंडं तोडत राहिलो.

तुहा,
दिन्या