पद्मिनीच्या मूळ स्प्रिंगा कुठे आहेत?

प्रति,
मा. व्यवस्थापक,
जुन्या गाड्यांचे सीटकाम विभाग,
पुणे

विषय : १९७८ सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या सीटचे काम ठरल्याप्रमाणे न करणे व मूळ स्प्रिंगा न विचारता भंगारात देणे.

महोदय,

आपल्या वर्कशॉपमधून माझी पद्मिनी गेल्या महिन्यात घरी आली. सीट वरून चकचकीत दिसतात आणि पाहणारे कौतुकही करतात. पण मी आपल्याकडे सीट नव्या करून घ्यायला आले नव्हते. आहेत त्याच सीट दुरुस्त करून हव्या होत्या. आपल्या अंदाजपत्रकातच लिहिले आहे : ‘मूळ फ्रेम व स्प्रिंगा साफ करणे, गंज काढणे, रेड ऑक्साइड मारून त्याच पुन्हा वापरणे. किंतान व काथ्या नवीन. रेक्झीन मूळ नमुन्याप्रमाणे शिवणे.’ खाली आपला शिक्का आणि सही आहे. यातले रेक्झीन तेवढे बसवले गेले, आणि तेही नमुन्याप्रमाणे नाही.

सर्वांत गंभीर गोष्ट स्प्रिंगांची. पुढच्या बाकाखाली हात घातला तर आता स्प्रिंग लागत नाही, प्लायवूडची फळी लागते. फळीवर फोमचा जाड ठोकळा आणि त्यावर रेक्झीन. मागच्या सीटचेही तेच. मी फोन करून विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “ताई, ते सगळं गंजलेलं होतं, भंगारवाल्याला देऊन टाकलं.” सीट उघडल्या त्या दिवशी आपल्याच कारागिराने मला फोटो पाठवले होते. ते सोबत जोडले आहेत. तारेवर वरवरचा गंज आहे, चालकाच्या बाजूच्या दोन स्प्रिंगा तुटलेल्या आहेत, बाकीच्या शाबूत दिसतात. तुटलेल्या दोन बदलल्या असत्या, उरलेल्या घासून रंगवल्या असत्या, तर पुढची कित्येक वर्षे त्यांनी काम दिले असते. आणि समजा सगळ्याच निकामी होत्या, तरी त्या माझ्या होत्या. टाकायच्या की ठेवायच्या हे मला विचारायला हवे होते.

त्या पुन्हा मिळणार नाहीत म्हणून मी इतके लिहिते आहे. इटलीच्या फियाट ११०० डी या मॉडेलवरून कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ही गाडी तयार होऊ लागली. आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. तो कारखाना बंद होऊन किती काळ लोटला, हे या धंद्यात असलेल्या आपल्याला मी सांगायला नको. सुटे भाग निघायचा एक मोठा मार्ग म्हणजे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी. त्यातली शेवटची नोंदणीकृत पद्मिनीही ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. इंजिनाचे भाग अजून कुठे ना कुठे सापडतात. मूळ सीटच्या स्प्रिंगा मात्र कोणी साठवून ठेवत नाही, कारण बहुतेकांनी त्या आपल्यासारख्याच काढून टाकल्या आहेत.

“आता काथ्या कोणी वापरत नाही, फोम जास्त मऊ असतो,” असेही मला सांगण्यात आले. मऊपणाची माझी मागणी नव्हती. स्प्रिंगांवर किंतान, त्यावर रबर लावलेल्या काथ्याचा थर, वर कापूस, अशी ही जुनी बांधणी असते आणि तिला कारण आहे. काथ्यातून हवा खेळते. पावसाळ्यात जुन्या गाडीच्या दारांच्या रबरातून पाणी आत येतेच. काथ्या ते सोडून देतो आणि वाळतो. फोम पाणी धरून ठेवतो, खालची फळी फुगते आणि पत्र्याला गंज चढतो. शिवाय खड्ड्यातला धक्का स्प्रिंग झेलते, फळी तो सरळ पाठीत पोचवते. कोथरूडहून कॅम्पात जाऊन आले तरी माझी कंबर धरते, पूर्वी याच गाडीने आम्ही कोकणात जात होतो.

उंचीचे तर आपण मापच घेतलेले दिसत नाही. पुढचा बाक पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन इंच उंच झाला आहे. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो, म्हणूनच पुढे अखंड बाक देता आला आणि तिथे तिघे बसू शकत. माझा धाकटा भाऊ लहानपणभर त्या मधल्या जागेवर बसला. आता बाक वर आल्यामुळे स्टिअरिंगचे चाक मांडीला घासते, गिअर खाली ओढताना हात गुडघ्यावर आपटतो आणि क्लच पूर्ण दाबायला पुढे सरकावे लागते. आरशात मागचा रस्ता दिसण्याऐवजी मागच्या काचेची खालची कड दिसते. हा केवळ सोयीचा प्रश्न राहिलेला नाही. गर्दीत अशी गाडी चालवणे धोक्याचे आहे, आणि काम झाल्यावर आपल्याकडच्या कोणी एकदा जरी चाकामागे बसून पाहिले असते तर हे लगेच कळले असते.

फोमचेही सांगते. अंदाजपत्रकात नसलेला हा फोम आपल्या पावतीत ‘४० डेन्सिटी’ म्हणून लावला आहे. मागच्या सीटच्या कोपऱ्यात फट बुजवायला कोंबलेला त्याच फोमचा एक तुकडा निघाला. त्यातून दहा सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा ठोकळा कापून सराफाच्या काट्यावर तोलला. ४० डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ४० किलो, म्हणजे या ठोकळ्याचे वजन ४० ग्रॅम भरायला हवे. भरले २४ ग्रॅम. रोज माणूस बसणार त्या जागी असा हलका फोम लवकरच दबून खड्डा पडतो, हे कोणताही कुशनवाला सांगेल. पैसे ४० चे घेतले आहेत.

शिवणकाम. मूळ सीटवरच्या उभ्या पट्ट्या शिवलेल्या होत्या. रेक्झीनखाली पातळ अस्तर घेऊन रांगेने टीप मारलेली होती, त्यामुळे पट्ट्यांना फुगीरपणा होता. आपण छापील रेषांचे तयार रेक्झीन ताणून बसवले आहे. जिथे खरी टीप आहे तिथे टाके इतके जवळजवळ आहेत की चालकाच्या बाजूला कडेचे रेक्झीन टपालाच्या तिकिटासारखे भोकांच्या रांगेवर फाटू लागले आहे. पाइपिंगमध्ये, म्हणजे शिवणीवरच्या गोल किनारीत, दोरी घातलेलीच नाही, ते आत्ताच चपटे पडले आहे. मूळ पद्धतीत रेक्झीनच्या कडेत तार ओवून ती कड्यांनी फ्रेमला अडकवतात, म्हणजे पुढे कधी दुरुस्ती निघाली तर सीट उघडता येते. आपण कडा सोल्यूशनने सांगाड्याला चिकटवून टाकल्या आहेत. उन्हात गाडी उभी राहिली की त्याचा वास येतो, आणि सीट उघडायची तर रेक्झीन फाडावेच लागेल. चिकटवलेल्या कडेखालून फ्रेमवर तपकिरी गंज दिसतो. रेड ऑक्साइडचा एक हातही मारलेला नाही.

ज्या वयस्क कारागिराने सीट उघडून फोटो पाठवले, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. स्प्रिंगा कशा बांधायच्या हे त्यांना नीट ठाऊक होते आणि ते मला उत्साहाने समजावून सांगत होते. त्यांच्या हातून ते काम काढून घ्यायचा निर्णय कार्यालयात झाला असावा. असे हात आपल्याकडे असताना फळी आणि फोम ठोकला गेला, याचे मला फार वाईट वाटते.

२०२८ मध्ये माझ्या गाडीला पन्नास वर्षे होतील आणि २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिची विंटेज म्हणून नोंदणी करायचा माझा विचार आहे. त्या नियमांचा भर चासी, बॉडी आणि इंजिनावर आहे हे मला माहीत आहे. तरी गाडी आतूनही कारखान्यातून निघाली तशी असावी म्हणून मी हे काम काढले आणि साध्या सीटकामाच्या कितीतरी पट दर मान्य केला.

माझे म्हणणे असे आहे. भंगारवाल्याकडे आजच चौकशी करून मूळ स्प्रिंगा मिळत असतील तर परत आणाव्यात. न मिळाल्यास त्याच जाडीच्या तारेच्या, त्याच उंचीच्या स्प्रिंगा आपल्या खर्चाने वळवून घ्याव्यात. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात नमुन्यावरून स्प्रिंगा करून देणारे लघुउद्योग आहेत, आणि मापांसाठी माझ्या ओळखीचे एक पद्मिनीधारक आपली सीट उघडून दाखवायला तयार आहेत. फळ्या व फोम काढून, फ्रेम साफ करून रंगवून, अंदाजपत्रकात लिहिल्याप्रमाणे काम नव्याने करावे. बांधणीचे काम त्याच वयस्क कारागिरांकडे द्यावे आणि रेक्झीन चढवण्याआधी मला ते पाहू द्यावे. हे जमणार नसेल तर घेतलेले पूर्ण ३८,००० रुपये परत करावेत, मी काम दुसरीकडे करून घेईन. दोन्ही बाबतीत जीएसटीसह पक्के बिल द्यावे. वारंवार मागूनही मला आतापर्यंत फक्त कच्ची पावती मिळाली आहे.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ठरलेले काम न करणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटी आहे आणि बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही. मात्र भंगारवाल्याकडची चौकशी पंधरा दिवस थांबवू नये. माल वितळवायला गेला तर मग काहीच करता येणार नाही.

आपली,
(सही)
पुणे

सोबत : अंदाजपत्रकाची प्रत, कच्ची पावती, सीट उघडल्यावरचे फोटो, सध्याच्या सीटचे व फ्रेमवरच्या गंजाचे फोटो, फोमच्या तुकड्याचा काट्यावरचा फोटो.