पाचपैकी किती, ते तूच सांग

प्रिय बंड्या,

पत्राला फार उशीर झाला, तेव्हा आधी हव्या तेवढ्या शिव्या घालून घे. घालून झाल्या की पुढे वाच, कारण जे घडलंय ते इथे कुणाला सांगण्यात अर्थ नाही. हिला सांगितलं तर म्हणते, "एका पिझ्झ्यावरून एवढं?" तू तसं म्हणणार नाहीस. तब्येत ठीक आहे. गुडघा होता तसाच आहे.

धाकटीची परीक्षा संपली म्हणून, आपण दोघं जिथे कामाला होतो त्याच जुन्या पिझ्झा-साखळीच्या एका शाखेत गेलो होतो. नाव लिहीत नाही, तुला माहीत आहे. सुट्टीची संध्याकाळ आणि काउंटरवर एकटी मुलगी. ऑर्डर तीच घेतेय, फोन तीच उचलतेय, डिलिव्हरीच्या पोरांना खोके तीच देतेय. आत ओव्हनपाशी एक पोरगा. टेबलं पुसायला कुणीच नाही. आमच्या टेबलावर आधीच्या मंडळींचा सॉस वाळून बसला होता. रांगेत उभ्या उभ्या मी मनातल्या मनात त्यांची शिफ्ट लावत होतो. खोड जात नाही रे.

गिऱ्हाइकंही तीच. मुदत संपलेलं कूपन पुढे करून "मागच्या वेळी चाललं होतं" म्हणणारा. अर्धा-अर्धा पिझ्झा सांगून, पैसे देताना एका अर्ध्यातला कांदा काढायला लावणाऱ्या बाई. आणि मिरचीच्या पुड्या मूठभर खिशात घालून वर "अजून द्या" म्हणणारे आजोबा, ज्यांना तू 'गोदाम' म्हणायचास. गोदाम सगळीकडे उघडलेलं असतं, एवढं सांगतो.

माझा नंबर आला. 12 इंची हवा म्हटलं, तर पिठाचे तयार गोळे संपलेले. आता ती काय म्हणेल हे मला पाठ होतं: "दोन 8 इंची घ्या ना सर, उलट जास्तच मिळेल." पण ती म्हणाली, "दोन छोटे देता येतील, पण ते एका मोठ्यापेक्षा कमी भरतात. मोठे गोळे आत्ताच फ्रिजबाहेर काढलेत. थांबणार असाल तर थांबा."

बंड्या, मला तिथेच तू दिसलास. पिझ्झा किती भरतो ते व्यासाच्या वर्गावर ठरतं: 12 चा वर्ग 144, 8 चा 64, दोन मिळून 128. हे तू एका गिऱ्हाइकाला पावतीच्या मागे लिहून दिलं होतंस आणि आपल्या मॅनेजरने, म्हणजे मास्तरांनी, तुला आठवडाभर ट्रे घासायला बसवलं होतं. मी तेव्हा म्हणालो होतो की गिऱ्हाइकाला गणित नको, पिझ्झा हवा असतो. त्यावरून तू किती दिवस अबोला धरलास! आणि मी अजूनही तेच म्हणतो, कारण गणित ऐकून मी थांबलो आणि जो पिझ्झा आला तो बघ कसा होता.

वरून देखणा. चीजवर तपकिरी ठिपके, कडेला भलामोठा फुगा. फुगा दिसला तेव्हाच ओळखलं, गोळा गार होता. तुकडा उचलला तर चीज आणि टॉपिंग एकसंध चादरीसारखं सरकून ताटात, आणि खाली मधोमध पांढरा, ओलसर, कच्चा पट्टा. बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. गार पीठ, आणि वर गर्दी बघून ओव्हनचा सरकता पट्टा जोरात पळवलेला, त्यामुळे वरचं भाजलं आणि मधलं राहिलं. पोराची चूक म्हणावी तर गोळे वेळेवर बाहेर काढायला तिसरा माणूस होता कुठे? धाकटीने कडा खाल्ल्या आणि खोक्यातली ती प्लॅस्टिकची तिपाई बाहुलीसाठी घेतली. (न्यूयॉर्कच्या ज्या बाईंनी 1985 मध्ये तिचं पेटंट मिळवलं, त्यांनी खोक्याचं झाकण चीजला चिकटू नये म्हणून ती केली होती. घरोघरच्या बाहुल्यांची सोय फुकटात झाली.)

आता मुद्द्याचं. बिलाच्या खाली छापलंय, 'तुमचा अनुभव सांगा, एक ते पाच.' एकच ओळ. मुलीला पाच द्यावेत, पिझ्झ्याला दोन, आणि दोन माणसांत सुट्टीची संध्याकाळ काढायला लावणाऱ्याला काय द्यावं ते फॉर्मवर नाहीच. मधला मार्ग म्हणून चार द्यावेत म्हटलं, तर आपल्याकडे चार म्हणजे नापास, हे आपल्या दोघांइतकं कुणाला ठाऊक? भिंतीवरचा तो कागद आठव. सरासरी, आणि शेजारी लाल पेनाने कुणाची शिफ्ट होती ते.

हिचं म्हणणं सरळ आहे: वाईट होतं तर वाईट लिहा, नाहीतर सुधारणार कसं? तेही खोटं नाही. 2009 च्या अखेरीस डॉमिनोजने अमेरिकेत गिऱ्हाइकांचे 'बेस पुठ्ठ्यासारखा लागतो' असले शेरे स्वतःच्याच जाहिरातीत दाखवले आणि पिझ्झ्याची अख्खी कृती बदलली. म्हणजे शेरा वरपर्यंत पोचू शकतो. पण तिथे लोकांनी कृतीला नावं ठेवली होती. माझी तक्रार माणसांच्या संख्येबद्दल आहे, आणि ती पोचणार त्या दोघांपैकीच एकाच्या नावावर.

म्हणून शाखेला फोन केला. मॅनेजर अगदी गोड बोलले. पहिला प्रश्न, "सर, काउंटरवर कोण होतं, नाव सांगाल?" मी फोन ठेवला. नाव मला माहीत होतं, बिलावर छापलेलं आहे.

पाच देऊन शेऱ्यात खरं लिहावं, असं लंबू म्हणतो. त्याला काय, तो ऑफिसात बसून आकडे बघतो. पाचवाल्यांचे शेरे कोण वाचतं, हे त्यालाच विचारलं तर हसला. आणि काहीच भरलं नाही, तर पुढच्या सुट्टीलाही तीच दोघं आणि तोच गार गोळा.

तुझं काय? घराचं काम संपलं का? वहिनींची बदली थांबली म्हणे, बरं झालं. चिरंजीवांनी गिटार सोडली असेल तर शेजाऱ्यांचं अभिनंदन कर. आईंना नमस्कार सांग.

बिलावरचा कोड महिनाअखेरपर्यंत चालतो, त्याच्या आत उत्तर दे. फोन करू नकोस. फोनवर तू मास्तरांची नक्कल सुरू करतोस आणि विषय तिथेच राहतो. एक आकडा लिही आणि तोच का, ते लिही. मला पटला नाही तर भांडेन, पण भरीन तोच.

तुझा,
जाड्या